पृथ्वीचे निरीक्षण : राष्ट्राराष्ट्रांतील सहकार्य आणि भारताचा वाटा

(वरिष्ठ प्राथमिक इयत्तांच्या भूगोल व सामान्य विज्ञान या विषयांच्या अध्यापनासाठी)

वरच्या इयत्तांत हवामानाचा पाठ शिकविताना पर्जन्यमापक, तापमापक आणि वातकुक्कुट ही साधने दाखविली जातात, त्यांच्या आकृत्या फळ्यावर काढल्या जातात आणि पाठ तेथेच संपतो. या साधनांनी घेतलेल्या नोंदीचे पुढे काय होते, हा प्रश्न वर्गात क्वचितच उपस्थित होतो. तालुक्याच्या गावी मोजलेला पाऊस कोठे पाठविला जातो, तो कोण वाचतो आणि वाचणाऱ्याला त्याचा काय उपयोग, हे विद्यार्थ्यास उमगले नाही, तर पर्जन्यमापक म्हणजे त्याच्या लेखी पाणी साठविण्याचे एक नळकांडे एवढेच राहते. वस्तुतः ती नोंद ही पृथ्वीच्या निरीक्षणाची जी एक प्रचंड खातेवही जगातील राष्ट्रे मिळून लिहीत आहेत, तीतील एक ओळ असते. या वहीत भारताने काय लिहिले, तीतून काय घेतले आणि अद्याप कोणती पाने मिटलेली आहेत, याची माहिती शिक्षकास असल्यास हवामानाचा पाठ पुष्कळच जिवंत होईल.

आरंभी विद्यार्थ्यांना एक गोष्ट नकाशावर दाखवावी. जून महिन्यात कोकण किनाऱ्यावर येणारे मोसमी वारे विषुववृत्ताच्या दक्षिणेकडून, हिंदी महासागराच्या विस्तीर्ण पृष्ठभागावरून वाहत येतात. जेथून ते निघतात तेथे भारताची भूमी नाही. तेथील वारा, पाण्याची उष्णता आणि हवेचा दाब यांचे ज्ञान भारतास हवे असेल, तर ते बेटांवरील वेधशाळांकडून, परक्या जहाजांकडून किंवा आकाशातील उपग्रहांकडून मिळवावे लागते. उलट पक्षी, बंगालच्या उपसागरात उठलेले वादळ भारताच्या वेधशाळांना दिसले आणि ते म्यानमार अथवा बांगलादेशाकडे वळले, तर तेथील लोकांचे प्राण भारताने दिलेल्या सूचनेवर अवलंबून राहतात. हवा आणि समुद्र यांना सरहद्दी नाहीत, हे वाक्य पाठ्यपुस्तकांत वारंवार आढळते. त्याचा व्यावहारिक अर्थ असा की, कोणत्याही एका राष्ट्राला आपल्यापुरते हवामान जाणता येत नाही.

सकाळचे साडेआठ

भारतात पावसाची दैनिक नोंद सकाळी ८ वाजून ३० मिनिटांनी घेतात. साडेआठच का, आठ किंवा नऊ का नाही, असा प्रश्न एखादा चौकस विद्यार्थी विचारील. याचे उत्तर इंग्लंडमधील ग्रीनिच येथील वेळेत आहे. भारतीय प्रमाणवेळ ग्रीनिचच्या वेळेपेक्षा साडेपाच तास पुढे असल्यामुळे आपले साडेआठ म्हणजे ग्रीनिचचे पहाटेचे तीन. जगातील वेधशाळांनी निरीक्षणासाठी ठरवून घेतलेल्या वेळांपैकी ही एक आहे. त्याच क्षणी टोकियो येथे दुपारचे बारा वाजलेले असतात आणि नैरोबी येथे सकाळचे सहा. तिन्ही ठिकाणचे निरीक्षक आपापल्या घड्याळात निरनिराळी वेळ पाहून एकाच क्षणाची नोंद करितात. वायुभारमापक सर्वत्र एकाच क्षणी पाहिला जातो, म्हणूनच त्या आकड्यांवरून समभार रेषांचा नकाशा काढता येतो. निरनिराळ्या वेळी घेतलेल्या आकड्यांचा नकाशा काढू गेल्यास तो नकाशा कोणत्याच क्षणाचा ठरणार नाही.

ही शिस्त एका दिवसात आली नाही. १८७३ साली व्हिएन्ना येथे अनेक देशांचे हवामानशास्त्रज्ञ एकत्र जमले आणि मापे, वेळा व चिन्हे समान असावीत या दृष्टीने एक आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली. तिच्याच जागी पुढे २३ मार्च १९५० पासून जागतिक हवामान संघटना अस्तित्वात आली. म्हणून २३ मार्च हा जागतिक हवामान दिन मानतात. भारतीय हवामान खात्याची स्थापना १८७५ ची. १८६४ साली कलकत्त्यास झालेले भयंकर चक्रीवादळ आणि त्यानंतर १८६६ व १८७१ साली मोसमी पावसाने दिलेला दगा, या आपत्तींनंतर देशभर विखुरलेली निरीक्षणे एका खात्याखाली आणण्यात आली. या खात्याचे मुख्य कार्यालय १९२८ ते १९४४ या काळात पुणे येथे होते. शिवाजीनगरची ती दगडी इमारत आजही शिमला ऑफिस या नावाने ओळखली जाते, कारण कार्यालय शिमल्याहून तेथे आले होते. देशातील हवामानाच्या जुन्या नोंदींचे राष्ट्रीय भांडारही पुण्यासच आहे. पुण्याकडील शाळांच्या सहलीत हे स्थान सहसा नसते. ते असावयास हवे.

कुलाब्याची वही

निरीक्षण ज्याने केले त्याला त्याचा उपयोग दिसेलच असे नाही, याचे मुंबईजवळचे एक उदाहरण शिक्षकांनी आवर्जून सांगावे. मुंबईत कुलाबा येथे १८२६ साली वेधशाळा बांधण्यात आली. १८४१ पासून तेथे पृथ्वीच्या चुंबकीय बलाची निरीक्षणे होऊ लागली. त्या काळी गाउस व वेबर या जर्मन शास्त्रज्ञांच्या प्रेरणेने जगात ठिकठिकाणी ठरलेल्या वेळी चुंबकसूचीचे वाचन करण्याची चळवळ सुरू झाली होती. कुलाब्याचा उपक्रम हा त्याच प्रवाहातील होता. टांगलेल्या चुंबकाची सूक्ष्म हालचाल डोळ्यांनी वाचावयाची आणि आकडा वहीत मांडावयाचा, असे हे काम रात्रंदिवस तासातासाला चाले. चुंबकाची खळबळ वाढली म्हणजे त्याहूनही कमी अंतराने वाचने घेतली जात.

१ सप्टेंबर १८५९ रोजी कॅरिंग्टन नावाच्या इंग्रज ज्योतिर्विदाला सूर्याच्या डागांपाशी एक प्रखर झळक दिसली. दुसऱ्या दिवशी युरोप-अमेरिकेतील तारायंत्रांत बिघाड होऊ लागला आणि एरवी ध्रुवाकडे दिसणारा आकाशातील रंगीत प्रकाश पुष्कळ दक्षिणेपर्यंत दिसला. त्याच २ सप्टेंबरच्या सकाळी कुलाब्याच्या निरीक्षकांनी चुंबकीय बल एकाएकी कोसळल्याची नोंद केली. ती घट आजच्या मापाने सुमारे १६०० नॅनोटेस्ला, म्हणजे तेथील क्षितिजसमांतर बलाच्या चार टक्क्यांच्या आसपास भरते. निरीक्षकांनी आकडे लिहिले आणि वही बंद केली. त्या वह्या १४४ वर्षांनी कामी आल्या. २००३ साली भारतीय व परदेशी शास्त्रज्ञांनी मिळून या नोंदींच्या आधारे ते सौर वादळ किती तीव्र होते याचे गणित प्रसिद्ध केले. उपग्रह, वीजवाहिन्या आणि दळणवळण यांवर सौर वादळाचा कोणता परिणाम होऊ शकेल, याचा आज जेथे जेथे विचार होतो, तेथे तेथे त्या वादळाचा दाखला घेतला जातो.

या वेधशाळेची पुढील हकीकतही बोधप्रद आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम आणण्याचे ठरले. विजेच्या प्रवाहाने चुंबकाचे वाचन बिघडणार हे उघड होते. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई अर्देशर फ्रामजी मूस यांनी चुंबकीय निरीक्षणांसाठी अलिबाग ही जागा पक्की केली. १९०४ साली तेथे लोखंड टाळून इमारत उभी राहिली. परंतु कुलाब्याचे काम लगेच बंद करण्यात आले नाही. सुमारे दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी वाचने घेतली गेली, जेणेकरून जुन्या व नव्या जागेतील फरक कळावा आणि १८४१ पासूनची साखळी तुटू नये. मुंबईत विजेची ट्राम १९०७ साली धावली, तोवर अलिबागचे काम सुरळीत चालू झालेले होते. अलिबागची वेधशाळा आजही कार्य करीत आहे, आणि तिचे आकडे जगातील चुंबकीय वेधशाळांच्या सामाईक जाळ्यात जातात. रायगड जिल्ह्यातील शिक्षकांना तरी हे उदाहरण पुस्तकात शोधण्याची गरज नाही.

भूभौतिक वर्ष आणि हिंदी महासागराची मोहीम

दुसऱ्या महायुद्धात हवामानाचे आकडे ही गुप्त गोष्ट झाली होती. शत्रूच्या विमानांना त्यांचा उपयोग होईल या भीतीने लढणाऱ्या राष्ट्रांनी ते एकमेकांपासून लपविले. युद्धानंतर जगाचे दोन तट पडले आणि परस्परांविषयीचा संशय वाढला. अशा काळात १ जुलै १९५७ ते ३१ डिसेंबर १९५८ हा दीड वर्षाचा अवधी आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्ष म्हणून पाळला गेला, ही शतकातील एक विशेष घटना मानावयास हवी. भारतासह ६७ देशांनी तीत भाग घेतला. पहिला कृत्रिम उपग्रह याच काळात, ४ ऑक्टोबर १९५७ रोजी, सोव्हिएत रशियाने सोडला. उपग्रहाची बातमी एवढी गाजली की त्या वर्षाचे दुसरे फळ लोकांच्या नजरेआड राहिले. जमलेली निरीक्षणे कोणत्याही देशाच्या शास्त्रज्ञाला पाहावयास मिळावीत म्हणून जागतिक माहिती केंद्रे स्थापन झाली, आणि एकाच ठिकाणच्या आगीत किंवा युद्धात ती नष्ट होऊ नयेत म्हणून त्यांच्या प्रती निरनिराळ्या देशांत ठेवण्यात आल्या.

यानंतर हिंदी महासागराकडे जगाचे लक्ष वळले. सर्व महासागरांत याचे ज्ञान सर्वांत अपुरे होते. १९५९ ते १९६५ या काळात युनेस्कोच्या साहाय्याने आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम पार पडली. तीत चाळिसांहून अधिक जहाजांनी काम केले. भारतीय नौदलाची ‘कृष्णा’ ही युद्धनौका त्यांत होती. मोहिमेचे हवामानविषयक केंद्र १९६३ साली मुंबईत कुलाबा येथेच उघडले आणि भारतीय व अमेरिकी शास्त्रज्ञांनी तेथे बरोबरीने काम केले. मोहीम संपल्यावर जहाजे आपापल्या देशी परतली. परंतु भारतात शिकून तयार झालेली माणसे उरली, आणि त्यांच्यासाठी १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. तिचे मुख्य ठाणे गोव्यात दोना पावला येथे आहे. आंतरराष्ट्रीय सहकार्यातून देशाच्या पदरात काय पडते, असे कोणी विचारल्यास गोव्याच्या या संस्थेकडे बोट दाखविता येईल.

घेणारा आणि देणारा

उपग्रहांच्या बाबतीत भारत प्रथम घेणारा होता, हे सांगण्यात संकोच नसावा. केरळमधील थुंबा या कोळ्यांच्या गावाजवळून पृथ्वीचे चुंबकीय विषुववृत्त जाते. तेथून २१ नोव्हेंबर १९६३ रोजी पहिला अग्निबाण सुटला, तो अमेरिकेने दिलेला होता आणि त्यातील सोडियमच्या वाफेचे उपकरण फ्रान्सचे होते. संध्याकाळच्या आकाशात पसरलेल्या त्या नारिंगी ढगावरून वरच्या थरांतील वाऱ्याची दिशा मोजता आली. १९६८ साली हे प्रक्षेपण केंद्र संयुक्त राष्ट्रांना अर्पण करण्यात आले. पृथ्वीच्या निरीक्षणासाठी भारतात घडविलेला ‘भास्कर’ हा उपग्रह ७ जून १९७९ रोजी रशियन अग्निबाणाने वर गेला. शेती, पाणी व वने यांची नियमित पाहणी करणारा ‘आय. आर. एस. १ ए’ हा उपग्रहही १७ मार्च १९८८ रोजी रशियन अग्निबाणानेच सुटला. त्याच्या उत्तम कॅमेऱ्याला जमिनीवरील सुमारे ३६ मीटर रुंदीचा तुकडा हा एक ठिपका म्हणून दिसे, आणि तीच जागा पुन्हा पाहावयास त्याला २२ दिवस लागत.

यापुढील सात-आठ वर्षांत पारडे फिरले. १९९३ साली अमेरिकेचा लँडसॅट मालिकेतील सहावा उपग्रह कक्षेत पोहोचण्यापूर्वीच नष्ट झाला. १९९५ च्या डिसेंबरात भारताने ‘आय. आर. एस. १ सी’ सोडला, त्याचा कॅमेरा सुमारे ६ मीटरपर्यंतचे बारकावे टिपत असे. त्याच्या प्रतिमा अमेरिका आणि जर्मनी येथील केंद्रांतही ग्रहण केल्या जाऊ लागल्या. समुद्रावरील वाऱ्याबाबतही तसेच घडले. २००९ च्या अखेरीस अमेरिकेचे वारामापक उपकरण निकामी झाले. त्याच वर्षी सोडलेल्या भारताच्या ओशनसॅट-२ या उपग्रहावर तशा प्रकारचे उपकरण होते. २०१२ च्या ऑक्टोबरात सँडी हे वादळ अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याकडे जात असता त्याच्या वाऱ्यांचे चित्र काढण्यासाठी अमेरिकी शास्त्रज्ञांनी या भारतीय उपग्रहाची मापे वापरली. एका काळी अमेरिकेचा अग्निबाण मागून घेणाऱ्या देशाच्या दृष्टीने ही गोष्ट साधी नव्हती.

फ्रान्सबरोबर भारताने दोन उपग्रह सिद्ध केले. पैकी मेघा-ट्रॉपिक्स हा १२ ऑक्टोबर २०११ रोजी सुटला. उष्ण कटिबंधातील ढग व बाष्प पाहण्यासाठी तो विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंस फिरत राहिला आणि ७ मार्च २०२३ रोजी त्याला नियंत्रित रीतीने खाली उतरवून नष्ट करण्यात आले. दुसरा, सरल, २५ फेब्रुवारी २०१३ रोजी गेला व समुद्राच्या पृष्ठभागाची उंची मोजू लागला. समुद्राच्या पोटातील माहितीसाठी मात्र उपग्रह अपुरा पडतो. तेथे ‘आर्गो’ या योजनेतील तरंगती यंत्रे उपयोगी पडतात. असे यंत्र सुमारे हजार मीटर खोलीवर वाहत राहते, दर दहा दिवसांनी दोन हजार मीटरपर्यंत खाली जाऊन वर येते व वाटेत मोजलेली उष्णता आणि क्षारता उपग्रहामार्फत कळविते. जगातील समुद्रांत अशी सुमारे चार हजार यंत्रे असून हिंदी महासागरातील काही भारताने सोडलेली आहेत. कोणत्याही देशाने सोडलेल्या यंत्राची माहिती सर्वांना खुली असते.

वादळाची सूचना

१२ नोव्हेंबर १९७० च्या रात्री तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानच्या किनाऱ्यावर आलेल्या चक्रीवादळात तीन लाखांहून अधिक माणसे बुडाली. उपग्रहाने ते वादळ पाहिले होते. चित्र होते, पण ते किनाऱ्यावरील झोपडीपर्यंत पोहोचविण्याची व्यवस्था नव्हती. या आपत्तीनंतर १९७२ साली बंगालचा उपसागर व अरबी समुद्र यांच्या काठच्या देशांनी चक्रीवादळांविषयी एक संयुक्त मंडळ स्थापिले. आज या दोन्ही समुद्रांतील वादळांची सूचना सर्व सदस्य देशांना देण्याचे काम दिल्ली येथील भारतीय हवामान खात्याचे केंद्र करिते. वादळांची नावेदेखील हे देश मिळून सुचवितात. ३ जून २०२० रोजी अलिबागच्या दक्षिणेस रायगडच्या किनाऱ्यावर आदळलेल्या वादळाचे ‘निसर्ग’ हे नाव बांगलादेशाने दिलेले होते.

सूचनेचे मोल आकड्यांवरून दाखविता येते. २९ ऑक्टोबर १९९९ रोजी ओडिशात आलेल्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसे दगावली. १२ ऑक्टोबर २०१३ रोजी त्याच राज्याच्या किनाऱ्यावर फायलिन हे अतितीव्र वादळ आले, तेव्हा मृतांचा आकडा शंभराच्या बराच खाली राहिला; कारण जवळजवळ दहा लाख लोकांना आगाऊ हलविण्यात आले होते. या दोहोंतील सारा फरक उपग्रहांमुळे पडला असे म्हणणे मात्र अर्धेच खरे ठरेल. निवाऱ्याच्या पक्क्या इमारती, रस्ते आणि घरोघर जाऊन सांगणारी माणसे यांचाही वाटा तेवढाच आहे. अनेक गावी तो निवारा शाळेच्याच इमारतीत होता, हे शिक्षकांना सांगावयास नको.

आपत्ती कोसळल्यावर उपग्रह असलेल्या राष्ट्रांनी आपल्या प्रतिमा पीडित देशास विनामूल्य द्याव्यात, असा एक करार १ नोव्हेंबर २००० पासून अमलात आला. युरोपीय अवकाश संस्था व फ्रान्स यांनी तो सुरू केला आणि भारत २००१ साली त्यात सामील झाला. २६ डिसेंबर २००४ रोजी सुनामी लाटांनी हिंदी महासागराचा काठ उद्ध्वस्त केला, तेव्हा या कराराखाली प्रतिमा मागणाऱ्यांत स्वतः भारतही होता. एरवी पुराने वेढलेल्या दूरच्या देशांना प्रतिमा देणारा भारत तेव्हा घेणारा ठरला. त्या वेळी हिंदी महासागरात सुनामीची सूचना देणारी यंत्रणाच नव्हती. २००७ साली हैदराबाद येथे तसे केंद्र उभे राहिले, आणि ऑस्ट्रेलिया व इंडोनेशिया यांच्याबरोबर ते आता या महासागराच्या काठच्या देशांना सूचना देते. याच संस्थेकडून कोकण व गोव्याच्या मच्छीमारांना मासळी कोठे सापडण्याचा संभव आहे याची माहिती मिळते. समुद्राची उष्णता व रंग उपग्रहावरून पाहून ती काढतात.

मिटलेली पाने

सहकार्याचे हे चित्र सर्वस्वी उजळ आहे असा समज विद्यार्थ्यांचा होऊ देऊ नये. आकाशातून एका राष्ट्राने दुसऱ्या राष्ट्राची भूमी पाहिली तर ती माहिती कोणाची, हा वाद पुष्कळ वर्षे चालला होता. ३ डिसेंबर १९८६ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने पंधरा तत्त्वे मान्य केली. ज्या देशाची भूमी पाहिली गेली, त्याला ती माहिती भेदभाव न करता व वाजवी किमतीत मिळावी, हे त्यांपैकी एक आहे. पण तत्त्व मान्य होणे आणि आकडे हाती येणे यांत अंतर असते. ब्रह्मपुत्रा तिबेटातून येते. तिच्या पाण्याची पातळी पावसाळ्यात कळविण्याविषयी २००२ साली चीन व भारत यांच्यात करार झाला. तरीही डोकलाम येथील तंट्याच्या वर्षी, म्हणजे २०१७ च्या पावसाळ्यात, ती माहिती भारताकडे आली नाही. मापन केंद्राच्या दुरुस्तीचे कारण चीनने दिले. भारत पुराच्या दिवसांत आपल्याकडील नद्यांची पातळी बांगलादेशास कळवितो. तथापि सिंधू, गंगा व ब्रह्मपुत्रा यांच्या खोऱ्यांतील प्रवाहाचे आकडे भारतातही सर्वांस खुले नाहीत. नदीचे पाणी हा वाटणीचा विषय असल्यामुळे तिचे आकडे पावसाच्या आकड्यांइतक्या सहजतेने दिले जात नाहीत. ही स्थिती समाधानकारक म्हणता येत नाही.

उपग्रहांच्या प्रतिमांबाबत मात्र दारे हळूहळू उघडत आहेत. अमेरिकेने २००८ सालापासून लँडसॅटचा जुना-नवा संग्रह विनामूल्य केला. भारताच्या २०२३ च्या अवकाश धोरणानुसार ५ मीटर व त्याहून ढोबळ प्रतिमा विनामूल्य देण्याचे ठरले. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोटा येथून सुटलेला ‘निसार’ हा भारत व अमेरिका यांचा संयुक्त उपग्रह आहे. त्यावर दोन रडार आहेत. सुमारे २४ सेंटिमीटर लांबीच्या लहरी वापरणारे रडार अमेरिकेचे व सुमारे ९ सेंटिमीटरच्या लहरी वापरणारे भारताचे. दोहोंसाठी १२ मीटर व्यासाची एकच छत्री आहे. दर १२ दिवसांनी ती जागा पुन्हा पाहून जमीन काही सेंटिमीटर जरी सरकली असली तरी ते ओळखता येते. रडारच्या लहरी ढगांतून पार जातात, म्हणून पावसाळ्यातही काम अडत नाही. पुणे जिल्ह्यातील माळीण हे गाव ३० जुलै २०१४ रोजी डोंगर कोसळून गाडले गेले आणि दीडशेच्या आसपास माणसे मृत्यू पावली. सह्याद्रीच्या उतारावरील गावांच्या दृष्टीने अशा मापनाचे महत्त्व किती, हे वेगळे सांगणे नको. सर्वच दरडी कोसळण्यापूर्वी हळूहळू सरकत नाहीत, त्यामुळे उपग्रह प्रत्येक दुर्घटना आधी सांगेल अशी आशा मात्र कोणी बाळगू नये. निसारच्या प्रतिमा जगात कोणालाही विनामूल्य मिळतात.

शाळेतील नोंद

या विषयाला प्रत्यक्ष कामाची जोड देणे कठीण नाही. तळ व तोंड सारख्याच व्यासाचे असलेले सरळ बाजूंचे कोणतेही भांडे पर्जन्यमापक म्हणून चालते. ते झाडे व भिंती यांपासून दूर, उघड्यावर ठेवावे आणि आत पट्टी उभी धरून पाण्याची उंची मिलिमीटरमध्ये वाचावी. भांड्याचे तोंड लहान असो वा मोठे, उंची तीच येते. हे दोन निरनिराळी भांडी शेजारी ठेवून मुलांना स्वतः पाहू द्यावे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. यावरून २३ मिलिमीटर पावसात एक हेक्टर शेतावर किती पाणी पडले, हे उदाहरण फळ्यावर करून घ्यावे. उत्तर २,३०,००० लिटर येईल, आणि शेतकऱ्यांच्या मुलांना ते बहुधा खरे वाटणार नाही.

वाचन साडेआठलाच झाले पाहिजे. शाळा त्या वेळी भरलेली नसल्यास जवळ राहणाऱ्या दोन विद्यार्थ्यांकडे आठवड्याच्या पाळीने हे काम द्यावे. वहीत तारीख, वेळ, पाऊस आणि वाचणाऱ्याचे नाव असे चार रकाने असावेत. महसूल मंडळातील हवामान केंद्राचा आकडा मिळाल्यास तो शेजारी लिहावा. दोहोंत फरक पडला म्हणून शाळेचा आकडा खोडू नये. एका शिवारात पाऊस व दुसऱ्यात ऊन हे आषाढातही घडते. पाऊस पडलाच नाही त्या दिवशी शून्य लिहावे. सुट्टीमुळे किंवा विसरल्यामुळे वाचन राहून गेले असेल, तर त्या दिवसाची जागा रिकामी ठेवावी. तेथे शून्य लिहिल्यास वही वाचणाऱ्याला त्या दिवशी पाऊस झाला नाही असे वाटेल. दोन दिवसांचे पाणी एकत्र मोजले गेल्यास आकड्यापुढे ‘दोन दिवसांचा’ असे स्पष्ट लिहून वाचणाऱ्याने सही करावी.